कोणाकडून करताय?

आरटीओत काम आहे, असं चारचौघांत नुसतं म्हणून पाहा. काम काय आहे हे कुणी विचारत नाही. पहिला प्रश्न येतो, "कोणाकडून करताय?" "स्वतःच करतोय," असं म्हणालात, तर आपण अपेंडिक्सचं ऑपरेशन घरीच, आरशात बघून उरकणार असल्यासारखे लोक आपल्याकडे बघतात.

महाराष्ट्रातल्या प्रत्येक सुस्थित कुटुंबाचा आरटीओत एक 'आपला माणूस' असतो. तो तिथं नोकरीला नसतो. आत त्याला टेबल नसतं, पण आतली सगळी टेबलं त्याला ओळखतात. फाटकाबाहेरच्या झाडाखाली उभी केलेली मोटारसायकल हे त्याचं कार्यालय आणि तिची डिकी ही तिजोरी. त्याचं आडनाव कुणालाच ठाऊक नसतं. मोबाइलमध्ये तो 'आरटीओ' याच नावानं असतो, त्यामुळे पाहुण्यांसमोर त्याचा फोन आला तर घराची पत वाढते.

आणि आपापल्या माणसाचा लोकांना अभिमान केवढा! आमच्या सोसायटीत याबाबत सरळ दोन तट आहेत. खालच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर म्हणतात, "आमचा माणूस घरी येऊन सही घेऊन जातो." त्यावर माझा मेव्हणा म्हणतो, "आमच्याला सही लागत नाही. माझी सही तो माझ्यापेक्षा चांगली करतो." मॅनेजर त्या दिवशी जिन्यानं खाली गेले, लिफ्टची वाट पाहिली नाही.

माझ्याकडे असा कुणी माणूस नव्हता. कधी गरजच पडली नव्हती. स्कूटर घेतली तेव्हा सगळे कागद शोरूमवाल्यानं केले. मी फक्त नारळ फोडला. पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांचीच असते आणि पुढे दर पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण करावं लागतं. झाडाखालच्या भाषेत रिपासिंग. नव्या दुचाकीच्या नोंदणीला तीनशे रुपये फी आहे. पंधरा वर्षांच्या दुचाकीला, एप्रिल २०२२ पासून, हजार. वर पर्यावरण कर. उशीर केलात तर महिन्याला तीनशे वेगळे. ज्येष्ठत्वाची एवढी कदर सरकार दुसऱ्या कुठल्या खात्यात करत असेल असं वाटत नाही.

"एजंटला देऊन टाका," बायको म्हणाली.

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"एजंट किती घेतो ते विचारून कळेल. तत्त्व किती घेईल?"

तत्त्वाला एक व्यावहारिक बाजूही होती. 'दलालांना थारा देऊ नका' हा संदेश सोसायटीच्या ग्रुपवर मीच पाठवला होता आणि त्याला भराभर अंगठे आले होते. एवढे अंगठे पदरात असताना त्या झाडाखाली जायचं कुठल्या तोंडानं?

शिवाय आता सगळं घरबसल्या होतं, असं सरकार सांगतं. ते अगदी खरं आहे. मी पुष्कळ दिवस घरीच बसून होतो. परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला, चासी नंबरचे शेवटचे पाच आकडे टाकले, आणि 'तुमच्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे' असं उत्तर आलं. तो मोबाइल नंबर मी केव्हाच सोडून दिला होता. सोडलेले नंबर कंपन्या काही काळानं दुसऱ्याला देतात. म्हणजे स्कूटरची किल्ली माझ्याकडे आणि ओटीपी कुणा परक्याच्या खिशात. मी माझ्याच जुन्या नंबरला फोन लावला.

"नमस्कार. तुम्ही वापरताय तो नंबर पूर्वी माझा होता."

"बरं. परत पाहिजे का?"

"छे छे. तुम्हाला आत्ता एक ओटीपी आला असेल, तेवढा जरा..."

फोन बंद. लोकांना सायबर चोरांपासून सावध करायला सरकारनं केलेला खर्च अजिबात वाया गेलेला नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. पुन्हा लावला.

"अहो, बँकेचा नाही, स्कूटरचा ओटीपी आहे."

"माझ्याकडं स्कूटर नाही."

"माझ्याकडे आहे ना!"

"मग ओटीपी माझ्याकडं का?"

या संपूर्ण प्रकरणात मला विचारला गेलेला सर्वांत शहाणा प्रश्न हाच होता. त्याचं उत्तर पुढे कुठल्याही खिडकीवर मिळालं नाही.

मोबाइल नंबर बदलायची सोय आहे, आधारवरून. त्यासाठी आरसी बुकावरचं आणि आधारवरचं नाव एक लागतं. शोरूममधल्या पोरानं माझं नाव इंग्रजीत लिहिताना 'व्ही' घातला होता, आधारवाल्या पोरानं 'डब्ल्यू'. त्यामुळे सरकारदरबारी आम्ही दोघं झालो होतो, एक स्कूटरवाला आणि एक आधारवाला, आणि दोघांची ओळख नव्हती. दोघे एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र नोटरीपुढे केलं. घरी आल्यावर बायकोनं ते चष्मा लावून नीट वाचलं. "'दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे.' चला, हे तरी लेखी मिळालं," म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

पुढे बँक. स्कूटर कर्जावर घेतली होती आणि कर्ज फिटूनही जमाना झाला होता, पण आरसीवर बँकेचं नाव अजून होतंच. याला एचपी म्हणतात. कर्ज फेडल्यावर ती उतरवायची असते, हे कर्ज देताना कुणी सांगत नाही. तेव्हा सगळे पेढे खात असतात. एचपी उतरवायला बँकेच्या सहीशिक्क्याचा फॉर्म ३५ लागतो. माझी ती बँक मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झालेली. दुसऱ्या बँकेच्या शाखेत एक तरुण अधिकारी होते, फार अदबशीर.

"सर, तुमचं कर्ज आमच्या सिस्टीमला दिसतच नाहीये."

"फिटलंय ना, म्हणून दिसत नाही."

"पण जे दिसत नाही ते फिटलं, असं मी लिहून कसं देऊ?"

वेदान्ताचा हा मुद्दा मला खोडता आला नाही. शेवटी घरातली कागदांची ट्रंक उपसली. शेवटच्या हप्त्याची पावती सापडली, ती मुलाच्या चौथीतल्या प्रगतिपुस्तकात होती. प्रगतिपुस्तक बघून संध्याकाळी घरात आणखी एक विषय निघाला, पण तो इथं नको.

चासी नंबरची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. अर्जावर या नंबरचा पेन्सिल प्रिंट लागतो. गाडीच्या सांगाड्यावर हा सतरा अक्षरा-आकड्यांचा नंबर ठोकलेला असतो. त्यावर कागद धरायचा, वरून पेन्सिल घासायची, म्हणजे नंबर कागदावर उमटतो. लहानपणी आपण चार आण्याच्या नाण्यावर हेच करायचो. फरक इतकाच की नाणं टेबलावर असायचं. माझ्या स्कूटरचा नंबर अशा जागी आहे की तो वाचायला माणसाला जमिनीवर उताणं पडून, मान डावीकडे वळवून, तोंडात बॅटरी धरावी लागते. अशा स्थितीत पार्किंगमध्ये पडलो असताना सोसायटीतले लोक एकेक करून येत राहिले.

"काय झालं? पडलात?"

"म्म्म्," मी म्हणालो. तोंडात बॅटरी होती.

"बोलता येत नाहीये त्यांना! शुगर बघा, शुगर!"

कुणीतरी साखर आणली, कुणी कांदा. वॉचमननं माझे पाय वर धरले. मेव्हणा खाली आला, सगळं पाहिलं आणि अतिशय शांतपणे म्हणाला, "आरटीओच्या बाहेर एक मुलगा हे काम करतो. पन्नास रुपये घेतो." पाय वर असलेल्या माणसाला तत्त्वावर ठाम राहणं अवघड जातं, तरी मी राहिलो. तासाभरानं सतरांपैकी सोळा उमटले. सतरावा गंजाखाली होता. तो आठ आहे की 'बी', यावर पार्किंगमध्ये मतदान झालं. 'बी' निवडून आला.

हे होईतो कळलं की नवी नंबरप्लेट नसेल तर आरटीओत दुसरं कुठलंच काम पुढे सरकत नाही. एचएसआरपी, म्हणजे ती अशोकचक्राचा होलोग्राम आणि लेझरनं कोरलेला क्रमांक असलेली पाटी. १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना ती गाडीबरोबरच मिळते; त्याआधीच्या गाड्यांना महाराष्ट्रात ३१ मार्च २०२५ ची मुदत होती. मग ती जूनअखेर झाली, मग १५ ऑगस्ट, मग नोव्हेंबरअखेर, मग डिसेंबरअखेर. आपल्या लोकांची देवावर नसेल एवढी श्रद्धा मुदतवाढीवर आहे, आणि देवापेक्षा ती पावतेही लवकर. आमचे बँक मॅनेजर तेवढे शिस्तीनं फेब्रुवारीतच जाऊन पाटी बसवून आले. प्रत्येक मुदतवाढीची बातमी आली की ते दिवसभर कुणाशी बोलत नसत.

या पाटीनं महाराष्ट्राची एक लोककला मात्र बुडवली. पूर्वी ४१४१ हा नंबर घ्यायचा, देवनागरीत लिहायचा, वर एक रेघ ओढायची, की झाला 'दादा'. गल्लीत दादा कोण हे गाडीच्या मागूनच कळायचं, म्हणजे हॉर्न वाजवायचा की नाही ते वेळेवर ठरवता यायचं. त्यासाठी लोक पैसे मोजत. अजूनही मोजतात; पुण्या-मुंबईकडे चारचाकीला ०००१ हवा असेल तर २०२४ पासून सहा लाख भरावे लागतात. पण नव्या पाटीवर सगळं ठोकळेबाज इंग्रजीत. केंद्रावर माझ्या पुढे असाच एक दादा होता. पाटी बसवल्यावर तो बराच वेळ मागे उभा राहून तिच्याकडे बघत होता. फोर वन फोर वन. एकदम साधा माणूस वाटायला लागला.

माझ्या स्कूटरचं मागचं मडगार्ड पाहून तिथला पोरगा म्हणाला, "काका, पाटी बसेल. मडगार्ड राहील का ते सांगता येत नाही." मडगार्ड तारेनं बांधून घेतलं. पाटीचं लॉक एकदा बसलं की न तोडता निघत नाही. सध्या त्या गाडीचा सर्वांत भक्कम भाग ती पाटीच आहे.

मग एकदाचा, फॉर्म २५, विमा, पीयूसी, प्रतिज्ञापत्र आणि 'बी' घेऊन मी रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढे दोन हेल्मेटं आणि एक कापडी पिशवी होती. हेल्मेटांचे मालक चहाला गेले होते. पिशवीचा मालक कोण हे कुणालाच माहीत नव्हतं, पण रांग सरकली की मागचा माणूस इमानदारीत तिला पायानं पुढे ढकलायचा. अखेर खिडकीशी आम्ही पोहोचलो, तेव्हा कुठूनसा एक हात आला आणि पिशवीचं काम माझ्याआधी झालं.

रांगेत माणूस समोर बघत नाही, शेजारच्याच्या फायलीत बघतो. "तुम्ही आधारची झेरॉक्स नाही जोडली?" असं विचारताना चेहऱ्यावर काळजी आणायची, आणि आतून आपली झेरॉक्स चाचपून बघायची. आपल्याजवळ सगळे कागद असल्याचं सुख फारसं नाही. शेजाऱ्याकडे एक कमी आहे, याचं आहे. एकाकडे पाठपोट प्रिंट नव्हती, दोन वेगळे कागद होते. ती बातमी क्षणात शेवटपर्यंत गेली आणि सगळी रांग प्रसन्न झाली.

वेळ घालवायला मी पुढच्या गृहस्थांना एक माहिती सांगितली. इंग्लंडमध्ये १९०४ च्या जानेवारीपासून मोटारींना नंबर सक्तीचे झाले. लंडनचा पहिला नंबर, ए १, आपल्याला मिळावा म्हणून अर्ल रसेल, म्हणजे तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांचे थोरले बंधू, रात्रभर कार्यालयाबाहेर थांबले होते असं सांगतात.

"मिळाला का मग?" गृहस्थांनी विचारलं.

"मिळाला."

"आत कोणीतरी ओळखीचं असणार."

खिडकीवर पोहोचलो आणि सर्व्हर डाऊन झाला. त्या क्षणी खिडकीच्या अलीकडचे सगळे वर पंख्याकडे बघायला लागले आणि पलीकडच्या मॅडमच्या चेहऱ्यावर प्रथमच माणुसकी उमटली. "आमच्या हातात काही नाही हो काका, दिल्लीहून येतं ते," त्या म्हणाल्या. मागून एका आजोबांनी विचारलं, "दिल्लीहून कोण येणारे? मंत्री का?" आणि रांगेत बघता बघता पसरलं की मंत्री येणार आहेत. चहाला गेलेली दोन्ही हेल्मेटं धावत आली. शिपायानं खुर्च्या पुसल्या. सर्व्हरही कदाचित घाबरला असावा, कारण तो पाच मिनिटांत सुरू झाला. तोवर जेवणाची वेळ झाली होती.

गाडीची तपासणी त्यामानानं लवकर झाली. घरी कधीही न वाजणारा हॉर्न निरीक्षकसाहेबांनी नुसतं बघताच वाजला आणि मग थांबेना. त्या आवाजात आमचं बोलणं झालं.

"हे आठ आहे की बी?"

"बी!"

"कशावरून?"

"बहुमतानं!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, तारेनं बांधलेल्या मडगार्डकडे पाहिलं, हॉर्नकडे पाहिलं. वाकून अंगठ्यानं गंज घासला. आठ होता. पण सिस्टीममध्ये आठच असल्यामुळे, आणि मुख्य म्हणजे तो हॉर्न तिथून लवकर जावा म्हणून, त्यांनी सही केली.

स्कूटर पास झाली, पण माझं तिथलं जाणं काही सुटलं नाही. आधी कार्ड पोस्टानं आलं नाही म्हणून, मग आलं ते सांगायला म्हणून. अंगात विद्या भिनली होती. नावबदलाला २९ आणि ३०, एचपी उतरवायला ३५, परराज्यात गाडी न्यायची तर २८ ची एनओसी. एका लग्नाच्या पंगतीत वराच्या मामांनी बंगळुरूची गाडी दोन वर्षं इथंच ठेवलीय असं सहज म्हटलं. मी त्यांना बारा महिन्यांनंतर नवा नंबर घ्यावा लागतो, फॉर्म २७, हे कलम ४७ सकट समजावून दिलं. त्यांनी जिलबी पानात तशीच टाकली.

माझ्या शबनम पिशवीत आता स्टेपलर, डिंक, निळं आणि काळं पेन, पारदर्शक चिकटपट्टी, टोक केलेली पेन्सिल आणि अर्जांच्या कोऱ्या प्रती कायम असतात. फाटकातून आत जाणारा गोंधळलेला चेहरा दिसला की मला राहवत नाही. "पाठपोट प्रिंट घेतलीत का?" मी विचारतो आणि त्याला झाडाखाली घेऊन जातो, कारण सावली तिथंच आहे. मेव्हण्यानंही परवा त्याच्या गाडीचे कागद माझ्याकडे दिले. "तू तिकडं असतोसच, तर..." म्हणाला. त्याच्या मोबाइलवर मी आता कुठल्या नावानं आहे ते मी पाहिलं नाही, पण तो फोनवर मित्राला सांगत होता ते ऐकू आलं, "काळजी करू नको, आपला माणूस आहे तिथं."

गेल्या सोमवारी एका मुलाला फॉर्म भरून देत होतो. शेजारच्या मोटारसायकलवर बसलेला एजंट बराच वेळ बघत होता. मुलगा गेल्यावर तो उठून आला. नम्रपणे, हात जोडून.

"काका, एक बोलू का? राग मानू नका."

"बोल ना."

"तुम्ही फुकट सांगता. सकाळपासून माझी सगळी गिऱ्हाइकं घालवली. आमचं पोट आहे यावर. एक तर पैसे घ्या, आमच्याच भावानं. नाहीतर मागच्या गेटला बसा, तिकडं कोणी नाही."

पैसे घेण्याचा प्रश्नच नव्हता. तसं मी त्याला ठणकावून सांगितलं. तत्त्व म्हणजे तत्त्व. मग पिशवी उचलली आणि विचारलं, "मागच्या गेटला सावली आहे का रे?"